बाबांना कुणी विचारलंय का?

मावशी,

माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत. एसटीत कंडक्टर होते, कराडला असतात. बीपीमुळे दोन्ही किडन्या गेल्या. अडीच वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. मेंदूमृत्यू झालेल्या दात्याची किडनी मिळावी म्हणून दीड वर्षापूर्वी पुण्यातल्या एका हॉस्पिटलमार्फत यादीत नाव घातलं. बाबांचा रक्तगट ओ, आईचा आणि धाकट्या भावाचा बी, माझा ओ. म्हणजे जुळणारी मी एकटीच. मी ३४ वर्षांची, लग्न होऊन पुण्यात. पाच वर्षांची मुलगी आहे आणि दुसऱ्या बाळाचा विचार चालू होता. मी किडनी द्यायला तयार आहे. नवरा म्हणतो, तू ठरवशील ते. सासूबाईंनी बोलणं टाकलंय. आईला 'बॉर्डरवरची शुगर' आहे म्हणून आमच्या ओळखीचे डॉक्टर तिला नाही म्हणाले. बाबा एवढंच म्हणतात, "लेकीची किडनी घेऊन जगायचं नाही मला." पुढे काही बोलत नाहीत.

मार्चमध्ये मध्यरात्री हॉस्पिटलचा फोन आला. पहाटे पोचलो. दुपारी कळलं की बाबा दुसऱ्या नंबरवर होते आणि किडनी पहिल्या पेशंटला जुळली. परत आलो. तेव्हापासून बाबा गप्प आहेत. गेल्या महिन्यात दोनदा डायलिसिसलाच गेले नाहीत. चोरून पाणी पितात, आईने लपवलेलं लोणचं शोधून खातात. आई एका वैद्याचा काढा देते. भावाला कुणीतरी एका माणसाचा नंबर दिलाय, तो म्हणतो पैसे भरा, सगळं करून देतो. भावासाठी मुली बघतोय म्हणून नातेवाइकांना फक्त 'अशक्तपणा आहे' असं सांगितलंय.

आणि एक सांगते. टीव्हीवर हायवेवरच्या अपघाताची बातमी लागली होती. भाऊ पटकन म्हणाला, "बघ, आता फोन येईल." मला त्याची शिसारी आली. पण मावशी, माझ्याही मनात तेच आलं होतं.

बाबांच्या मनाविरुद्ध किडनी देण्याचा आग्रह धरू का?

— एक लेक

प्रिय लेकी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, पण आधी तो माणूस आणि तो काढा, दोन्ही घराबाहेर काढ. ह्यात चर्चेला जागा नाही.

'सगळं करून देतो' म्हणणारे लोक खोटी बायको उभी करतात, खोटा भाऊ उभा करतात, खोटी कागदपत्रं रंगवतात. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे. त्यात किडनीचे पैसे घेणारा जितका गुन्हेगार, तितकाच देणारा. पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. असा माणूस आगाऊ रक्कम घेऊन गायब झाला तरी तुम्ही कुठल्या तोंडाने पोलिसांत जाणार? भावाला हे आजच सांग, आणि नंबर त्याच्या मोबाइलमधून स्वतःच्या हाताने काढून टाक.

काढ्याचं आईला समजावणं जास्त अवघड आहे, कारण तो तिने मायेने केलाय. पण निकामी किडनीला झाडपाल्यातलं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, आणि ते रक्तात साठलं की हृदय बंद पडू शकतं. काही वनस्पती तर किडनीलाच विषारी असतात. बाबांना अजून दिवसाला थोडीफार लघवी होत असेल तर तेवढं शिल्लक कामही सोन्याच्या मोलाचं आहे, ते असल्या प्रयोगात घालवायचं नाही. आईशी भांडू नकोस. बाटली घेऊन तिला बाबांच्या नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीच्या डॉक्टरांकडे) ने आणि तिलाच विचारू दे, "हे देऊ का?" लेकीचं ऐकायचं नसतं, डॉक्टरांचं ऐकतात. तिथेच नारळपाण्याचंही विचारू दे. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो, आणि डायलिसिसवरच्या माणसाला त्यातल्या पोटॅशियममुळे तेच घातक. कमरख (स्टार फ्रूट) तर घरातसुद्धा आणायचं नाही.

आता अपघाताच्या बातमीबद्दल. डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या बाकांवर मी बरीच वर्षं घरच्या माणसांशी बोलत काढली आहेत, आणि हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की तुझ्या पत्रात ते आलं नसतं तर नवल वाटलं असतं. कुणी पावसाळा लागला की म्हणतं, कुणी गणपतीत म्हणतं, कुणी थर्टी फर्स्टला. म्हणतं आणि जीभ चावतं.

मेंदूमृत्यू कसा ठरतो ते तुला नीट माहीत असायला हवं. चार डॉक्टरांचं मंडळ असतं. ते ठरावीक चाचण्या करतं, निदान सहा तास जाऊ देतं, आणि त्याच चाचण्या पुन्हा करतं. दोन्ही वेळा मेंदूचं काम पूर्ण थांबलेलं दिसलं तरच तो मृत्यू मानला जातो. मग हॉस्पिटलचे ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटर त्या घरच्यांसमोर अवयवदानाचा विषय काढतात, आणि ते नाही म्हणाले तर तिथेच संपतं. ह्या सगळ्यात तुमच्या यादीचा, तुमच्या मनात आलेल्या विचाराचा कणभरही हात नसतो. ज्या घरातला माणूस गेला, तो तुम्ही वाट बघत होता म्हणून गेला नाही. उद्या त्यांनी होकार दिला तर तो त्यांचा मोठेपणा. त्यांचं नाव तुम्हाला कळणार नाही, तुमचं त्यांना कळणार नाही, आणि ती व्यवस्था मुद्दाम तशी ठेवली आहे. भावाची शिसारी सोड. २९-३० वर्षांच्या मुलाला बापाची काळजी वाटते आणि ती कशी बोलायची ते कुणी शिकवलेलं नसतं, तेव्हा ती अशी वेडीवाकडी बाहेर पडते. तूही त्याला सांग की तुझ्याही मनात आलं होतं. बघ तो काय म्हणतो.

मार्चमधली रात्र तुमच्या घरात अजून संपलेली दिसत नाही. त्या दिवशी नक्की काय झालं हे कुणी बाबांना समजावलंय का? एका किडनीसाठी एकाहून जास्त पेशंटना बोलावतात. दात्याचं रक्त आणि पेशंटचं रक्त एकत्र करून क्रॉसमॅच करतात. पहिल्याच्या रक्तात त्या किडनीविरुद्ध अँटिबॉडी निघाल्या, किंवा त्याला ताप-खोकला निघाला, तर दुसऱ्याला संधी मिळते, म्हणून दुसरा हजर लागतो. बाबांना हे न सांगता पहाटे उपाशी बसवून ठेवलं असेल आणि दुपारी 'तुम्ही जा' म्हटलं असेल, तर त्यांना ते नापास झाल्यासारखं वाटलं असणार. प्रत्यक्षात इतक्या लोकांतून त्यांचं नाव दुसरं आलं. किडनीच्या यादीत डायलिसिसवर काढलेल्या काळाला वजन असतं, आणि तो काळ तर वाढतोच आहे. हे त्यांना ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरच्या तोंडून ऐकू दे. फोन लाव आणि स्पीकरवर टाक. ते त्यांचंच काम आहे, संकोच करू नकोस.

त्याच फोनमध्ये विचार, यादीत नाव चालू आहे ना, की तपासण्या जुन्या झाल्या म्हणून थांबवलंय? रक्ताचा नमुना वेळोवेळी द्यावा लागतो, हृदयाची तपासणी ताजी लागते. अशी वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत की ज्यांचं नाव महिनोन्‌महिने बंद होतं आणि घरी कुणाला पत्ता नव्हता. बाबांशिवाय आणखी दोन मोबाइल नंबर तिथे नोंदव, एक तुझा आणि एक भावाचा. हिमोग्लोबिन कमी झालं म्हणून कुणी सरसकट रक्त चढवायला निघालं तर आधी 'ट्रान्सप्लांटच्या यादीत आहेत' हे सांगायचं. बाहेरचं रक्त चढलं की अँटिबॉडी तयार होऊ शकतात आणि मग जुळणारी किडनी सापडणं अवघड होतं. इलाज नसेल तेव्हा चढवतातच, पण माहीत असून चढवू देत.

पुन्हा फोन आला तर? फाइल, औषधं, चार्जर एका पिशवीत. गाडी कोण चालवणार ते आत्ताच ठरवून ठेवा, रात्री अडीचला वाद नको. वाटेत बाबांना काही खायला-प्यायला द्यायचं की नाही हे फोनवरच विचारा. आणि खंबाटकीत जिवावर उदार होऊन गाडी हाणायची गरज नाही. हृदयाला चार तास मिळतात, पण किडनी बर्फात साधारण दिवसभर टिकते. लवकर निघा, सावकाश पोचा.

मला सगळ्यात जास्त काळजी त्या चुकलेल्या दोन डायलिसिसची आहे. पाणी फुप्फुसात साठतं, पोटॅशियम चढतं, आणि रविवारसारखी दोन दिवसांची सुट्टी मध्ये आली की धोका आणखी वाढतो. पण नुसतं 'चला, उठा' करून हे सुटणार नाही. अडीच वर्षं निमूट जाणारा माणूस अचानक जायचं नाही म्हणतो, गप्प राहतो, बोलेनासा होतो. ह्याला आपण 'हट्टीपणा' म्हणतो. मला तो नैराश्याचा त्रास वाटतो, आणि डायलिसिसवरच्या लोकांत तो भरपूर असतो. नेफ्रॉलॉजिस्टना स्पष्ट सांग. त्यांच्या सांगण्याने मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, कारण गोळ्यांचा डोस किडनी बघून ठरवावा लागतो. कराडात लगेच कुणी मिळालं नाही तर टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ ह्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि बाबा कधी 'आता बास' म्हणाले तर 'असं बोलू नका' म्हणून त्यांचं तोंड बंद करू नका. काय बास झालं, ते विचारा.

इथून मी तुझ्या प्रश्नावर येते.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात आईचं मत आहे, भावाचं आहे, नवऱ्याचं, सासूबाईंचं, ओळखीच्या डॉक्टरांचं. बाबांचं फक्त एक वाक्य आहे, आणि त्याचा अर्थ तुम्ही परस्पर लावून टाकलाय. 'लेकीची किडनी घेऊन जगायचं नाही.' ह्यात त्यांना लेकीच्या सासरची भीती असेल. 'माझ्यामुळे पोरीचा संसार मोडला' हे ऐकायचं नसेल. ऑपरेशनची भीती असेल आणि पुरुषमाणूस म्हणून ती सांगता येत नसेल. खरोखरच मुलांच्या अंगाला सुरी लागू द्यायची नसेल, आणि तो विचार पक्का असेल. ह्या चारींची उत्तरं चार वेगळी आहेत. कुठलं खरं ते त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि तुम्ही त्यांना विचारलेलं दिसत नाही. स्वयंपाकघरात कुजबुजता, अंगणात फोनवर बोलता, ते खोलीत आले की विषय बदलता. होय ना? तीस वर्षं माणसांच्या गर्दीत काढलेला माणूस आहे. कोण तिकीट चुकवतंय हे चेहऱ्यावरून ओळखणाऱ्याला घरातली कुजबुज कळत नसेल?

डायलिसिसच्या दिवशी विचारू नकोस. त्या दिवशी अंगात त्राण नसतं, पायात गोळे येतात. मधल्या दिवशी सकाळी, आई देवळात किंवा बाजारात गेली असताना, तू एकटी बस. "बाबा, मी किडनी देण्याबद्दल तुम्हाला पटवायला आले नाही. तुम्हाला कशाची भीती वाटते ते मला सांगा." एवढंच म्हण आणि मग गप्प राहा. त्यांनी पंधरा मिनिटं काही नाही बोललं तरी गप्प राहा. तुला ते जमणार नाही असं तुझ्या पत्रावरून वाटतं, तरी प्रयत्न कर.

त्यांनी सगळं ऐकून, समजून, डॉक्टरांशी स्वतः बोलून 'मुलांची घेणार नाही' म्हटलं, तर ते तुला मान्य करावं लागेल. घ्यायची की नाही हा त्यांचा हक्क आहे. जिवंत दात्याची किडनी साधारणपणे जास्त टिकते, ऑपरेशन ठरवून करता येतं, हे सगळं खरं आहे, आणि ते त्यांना नेफ्रॉलॉजिस्टने सांगायला हवं. पण रडून, जेवण टाकून, 'माझी शपथ आहे' म्हणून त्यांच्याकडून होकार काढू नकोस. असल्या होकारावर ऑपरेशन झालं तर नंतरची आयुष्यभराची औषधं ते कुणासाठी घेतील?

आता तुझं. देण्याची तयारी चांगली आहे, पण मी तुझी सख्खी मावशी असते तर आत्ता तुला थांबवलं असतं. कारण सासूबाई नव्हेत. त्यांच्या होकाराला कायद्यात जागा नाही. बहुतेक हॉस्पिटलं नवऱ्याची सही मागतात, ते वेगळं. कारण आहे दुसरं बाळ. एका किडनीवर बाळंतपण होतं, अनेकींचं सुरळीत होतं, पण त्यात बीपी वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो, आणि दिल्यावर निदान वर्षभर थांबायला सांगतात. म्हणून ज्यांना मूल हवंय त्यांना डॉक्टर बरेचदा आधी ते होऊ द्या म्हणतात. तुला दुसरं खरंच हवंय की 'विचार चालू होता' हे सासरचं वाक्य आहे, ते तू आणि नवरा बसून ठरवा. ते ठरलं की मग दात्याच्या तपासणीला जा.

ती तपासणी म्हणजे होकार नव्हे, हे लक्षात ठेव. दोन्ही किडन्यांचं काम किती, रक्तवाहिन्या कशा, साखर, बीपी, मन, सगळं बघतात. तुला एकटीला बसवून विचारतात. दाती बाई असेल तर तिची संमती खरोखर तिची आहे की नाही, ह्याची जास्त काळजी घ्यावी असं नियमातच लिहिलंय. ते का लिहावं लागलं, हे आपल्या देशातल्या किडनी देणाऱ्यांच्या रांगेत कोण असतं आणि घेणाऱ्यांच्या रांगेत कोण, हे बघितलं की समजतं. बायका देतात, पुरुष घेतात. अगदी ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा तुला मागे फिरता येतं, आणि चांगली टीम घरच्यांना एवढंच सांगते की ही दाता म्हणून बसत नाही. कारण सांगत नाही.

आणि हे 'जुळणारी मी एकटीच' कुणी ठरवलं? रक्तगट जुळत नाही म्हणजे दार बंद, ही समजूत जुनी झाली. बी गटाच्या माणसाची किडनी ओ गटाच्या पेशंटला बसवता येते. आधी पेशंटच्या रक्तातल्या अँटिबॉडी काढून टाकाव्या लागतात, खर्च काही लाखांनी वाढतो, इन्फेक्शनची जोखीम वाढते, पण होतं. दुसरी वाट अदलाबदलीची. तुमच्याकडे ओ पेशंट आणि बी दाता, दुसऱ्या एखाद्या घरात बी पेशंट आणि ओ दाता. दोन्ही घरांनी एकमेकांना द्यायचं. २०११ च्या दुरुस्तीने कायद्यात ह्याला जागा केली. ओ पेशंटला अशी जोडी मिळणं कठीण असतं, ते लपवत नाही. तरी नाव नोंदवायला काय हरकत आहे? आईलाही ओळखीच्या डॉक्टरांनी नाही म्हटलंय, ट्रान्सप्लांट टीमने नाही. खरी शुगर निघाली तर तिला नाहीच म्हणतील आणि योग्यच करतील. पण 'बॉर्डरवर' म्हणजे काय, ते नीट तपासून कळू दे.

भावाला कुणी विचारलंय का, हा माझा खरा प्रश्न. पत्रात तो एजंटचा नंबर ठेवतो, बातमी बघून बोलतो, त्याच्यासाठी मुली बघता. त्याने किडनी द्यावी का, हा शब्दही कुणी उच्चारलेला नाही. लग्न व्हायचं आहे म्हणून त्याला वाचवलं, आणि तुझं झालंय म्हणून तुला पुढे केलं. त्याने द्यावीच असं मी म्हणत नाही. त्यालाही नाही म्हणायचा तुझ्याइतकाच हक्क आहे. पण प्रश्न दोघांना सारखा विचारला जाऊ दे. आणि मुलीकडच्यांपासून लपवणं थांबवा. साखरपुड्यानंतर कळलं तर जास्त बिघडेल. जे घर सासऱ्यांचं डायलिसिस ऐकून मागे फिरतं, त्या घरची मुलगी तुमच्या घरात कशी निभावेल, ह्याचाही विचार आईने करावा.

नातेवाइकांना सांगण्याचा रोकडा फायदा असा की चार तास बाहेर बसायला माणसं मिळतात. आठवड्यातून तीनदा आईच का जाते? एका वाराला काका, एका वाराला भाऊ. आईने त्या दिवशी झोपावं, नाहीतर भिशीला जावं. तू पुण्याहून दर रविवारी धावत येण्यापेक्षा कागदांचं काम घे, ते तुला घरबसल्या होईल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, किडनी ट्रान्सप्लांटही बसतं. ट्रान्सप्लांटसाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. तुमचं हॉस्पिटल योजनेत आहे का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचार. उरलेल्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक मंदिर न्यास, असे अर्ज करता येतात. ते ऑपरेशनच्या आधी करायचे असतात, म्हणून खर्चाचं अंदाजपत्रक हॉस्पिटलकडून आत्ताच लिहून घे. डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांटसाठी रेल्वेने जाताना पेशंटला आणि सोबतच्या एकाला सवलत असते, त्याचा फॉर्म डॉक्टर भरून देतात.

आता राहिलं पाणी आणि लोणचं. आईने लपवायचं, बाबांनी शोधायचं, हा खेळ बंद करा. ६१ वर्षांच्या माणसावर पहारा बसवलात तर तो चोरी करणारच. आयुष्यभर वेबिल भरलेला माणूस आहे, हिशेब त्यांच्या हातात द्या. दिवसाचं पाणी किती, तो आकडा डॉक्टरांकडून घ्या. साधारणपणे आदल्या दिवशी झालेल्या लघवीइतकं अधिक अर्धा लिटर असा असतो, पण बाबांचा वेगळा असू शकतो. तेवढं सकाळी एका बाटलीत भरून त्यांच्याजवळ ठेवा. चहा घेतला की तेवढं बाटलीतून ओतून टाकायचं, आमटी-ताक घेतलं तरी तसंच. लहान फुलपात्रातून प्यायचं, तहान फार लागली तर बर्फाचा एक खडा चघळायचा. सकाळचं वजन त्यांनी स्वतः वहीत लिहायचं. तहान मुळात मिठाने लागते, म्हणून लोणचं जातं. ते घरात सगळ्यांचंच जाऊ दे, एकट्या बाबांच्या ताटातून नको. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं, बटाट्याला तर हे हवंच. आणि दुकानातलं 'कमी सोडियमचं' मीठ चांगलं समजून आणू नका, त्यात पोटॅशियम असतं.

पुढच्या डायलिसिसला जाशील तेव्हा बाबांच्या हिपॅटायटिस बीच्या लशीचे सगळे डोस झालेत का आणि त्यातून संरक्षण देणाऱ्या अँटिबॉडी तयार झाल्यात का, ते तिथल्या सिस्टरना विचार. न्यूमोनियाच्या लशीचंही विचार. काही लशी ट्रान्सप्लांटनंतर देताच येत नाहीत, त्या आत्ताच उरकायच्या असतात.

— मावशी